भाव कधीचा?

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. एक शनिवार ऑफिसात गेला आणि दुसरा यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी. दोन्हीकडे विषय एकच होता, भाव. फक्त ऑफिसात तो मायक्रोसेकंदांत मोजत होतो आणि गावाकडे महिन्यांत.

आधी ऑफिसची गोष्ट. मी ज्या प्रणालीवर काम करतो तिचं काम सांगायला सोपं आहे. बाजारात क्षणाक्षणाला जे भाव येतात ते न चुकता टिपायचे, आणि कोणी विचारलं की ताबडतोब काढून द्यायचे. त्या शनिवारी एक क्वेरी चार मिनिटं घेत होती. संध्याकाळपर्यंत ती दोन सेकंदांच्या आत आणली. तीही क्वेरी फारशी न बदलता, फक्त डेटा डिस्कवर कोणत्या क्रमाने ठेवायचा ते बदलून. घरी येताना छाती जरा फुगली होती, खोटं कशाला सांगू!

पुढच्या शनिवारी गावी ओसरीवर बसलो होतो. मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ, आमच्याकडे असंच म्हणतात) म्हणाले, "तू तं पुन्यात भावाचंच काम करतं म्हने. मंग सांग ना बाप्पा, कापूस आता इकू का ठिवू?"

मी वेळ मारून नेण्यासाठी विचारलं, "सध्या भाव काय चालू आहे?"

"कोनता? यवतमाळचा का दारव्ह्याचा? सकायचा का आताचा?"

दिवसाला कोट्यवधी भाव साठवणारा मी गप्प बसलो. एका ओळीत त्यांनी माझ्या पोटापाण्याचा अख्खा विषय मांडला होता. भाव म्हणजे नुसता आकडा नव्हे. कुठला आणि कधीचा, हे दोन रकाने भरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. टाइम-सिरीज डेटाबेस म्हणजे शेवटी काय, तर 'कधीचा?' या प्रश्नाचं उत्तर लवकर देण्यासाठी बांधलेली वही. आणि ही वही जलद करण्याची धडपड संगणकाच्या कितीतरी आधी सुरू झाली. गंमत म्हणजे त्या धडपडीत जागोजागी कापूसच सापडतो.

आजच्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत सरकारी कागदांत 'वुन' जिल्हा म्हणत, म्हणजे आपली वणी. निजामाचा वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या हाती आला. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. मुंबईत पैशांचा पाऊस पडला. पण विलायतेची टपाल आगबोटीने यायला महिनाभर लागे. म्हणजे लिव्हरपूलचा 'आजचा भाव' मुंबईत कळेपर्यंत महिनाभराचा शिळा झालेला असे. ज्याला तो इतरांआधी एक दिवस कळेल, तो राजा. त्या काळचे कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्याबद्दल सांगतात, की बोट बंदराला लागण्याआधीच ते छोट्या होड्या समुद्रात पाठवून बातमी काढून आणत. आज शेअर बाजाराच्या शेजारी सर्व्हर ठेवण्यासाठी कंपन्या भाडं मोजतात. होडी बदलली, हेतू तोच.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले भलेभले बुडाले. प्रेमचंदही त्यात होते. (तेजीच्या काळात त्यांनी दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. कापसाच्या पैशातून शेवटी घड्याळ उभं राहिलं!) त्याच १८६५ मध्ये इराणच्या आखातामार्गे इंग्लंड आणि हिंदुस्थान तारेने जोडले गेले. तो मार्ग बेभरवशाचा होता, संदेशाला दिवसचे दिवस लागत. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे समुद्राखालची तार थेट मुंबईला आली आणि महिन्याचं काम काही तासांवर आलं.

त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा सुरू झाला. वऱ्हाडासाठी खास नेमलेला कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक या सगळ्यामागे होता. रेल्वे आणि तार, माल आणि बातमी, दोन्ही एकदम. पण वणी-यवतमाळ रेल्वेपासून लांबच राहिलं. यवतमाळचा कापूस सुमारे ४५ किलोमीटरवरच्या धामणगाव स्टेशनापर्यंत बैलगाडीने जाई. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून नॅरोगेजची 'शकुंतला' यवतमाळात आली. (आता तीही धावत नाही.) म्हणजे पाहा, लिव्हरपूलचा भाव मुंबईला काही तासांत, आणि मुंबईचा भाव घाटंजीच्या शेतकऱ्याला मात्र व्यापारी सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढा. तारेने अंतर कमी केलं, पण सगळ्यांसाठी सारखं नाही.

या तारेच्या टोकावर आपल्याकडे एक वेगळंच प्रकरण जन्मलं. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचे भाव मुंबईला येत, आणि त्यांच्या 'ओपन' आणि 'क्लोज' आकड्यांवर लोक पैसे लावत. हाच तो अंकड्यांचा जुगार. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं बंद झालं, तर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. धंदा थांबला नाही, 'ओपन-क्लोज' हे शब्दही तेच राहिले. आमच्या भाषेत सांगायचं तर, लाइव्ह फीड बंद पडला म्हणून लोकांनी त्याजागी रँडम नंबर जनरेटर बसवला :-)

हसू येतं, पण त्यात एक मुद्दा आहे. दिवसभरातल्या शेकडो चढउतारांचे फक्त दोन आकडे उरले, की भावामागचा बाजार नाहीसा होतो आणि उरतो तो नुसता अंक. डेटाबेसमध्ये जागा वाचवायला आपणही हेच करतो. जुन्या डेटाचे तासाचे, दिवसाचे गोळाबेरीज आकडे ठेवतो आणि मूळ नोंदी फेकून देतो. अशाने काय हरवतं, ते एका गणितज्ञाने दाखवून दिलं, आणि तेही कापसावरच.

बेन्वा मँडेलब्रॉट. फ्रॅक्टलवाले. १९६० च्या सुमारास ते आयबीएममध्ये होते. हार्वर्डला व्याख्यानासाठी गेले असता हेंड्रिक हाउथॅकर या अर्थशास्त्रज्ञाच्या फळ्यावर त्यांना एक आकृती दिसली. ती होती कापसाच्या भावांची. कापूसच का? कारण इतक्या जुन्या आणि अखंड नोंदी दुसऱ्या फारशा कशाच्या नव्हत्याच. मँडेलब्रॉट तो डेटा आयबीएमला घेऊन गेले आणि १९६३ मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला. त्यात १८८० ते १९४० या काळातले महिनावार भाव आहेत आणि दुसऱ्या काही काळांतले रोजचेही. निष्कर्ष असा, की भाव हळूहळू सरकत नाहीत, उड्या मारतात. घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या आलेखानुसार ज्या उड्या जवळपास अशक्य ठराव्यात, त्या प्रत्यक्षात वारंवार दिसतात. आणि रोजचे भाव घ्या की महिन्याचे, चढउतारांची ठेवण तशीच दिसते. सरासरी काढून बसणाऱ्याला नेमक्या या उड्याच दिसत नाहीत.

म्हणजे सगळ्या नोंदी हव्यात, क्रमाने हव्यात आणि लवकर हव्यात. इथे संगणकवाल्यांची पंचाईत झाली. १९७० मध्ये एडगर कॉडने रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. आपले सगळे एसक्यूएलवाले डेटाबेस तिच्यावरच उभे आहेत. पण त्या कल्पनेत टेबल म्हणजे संच, आणि संचातल्या ओळींना क्रम नसतो. 'याच्या आधीची ओळ' या शब्दांना तिथे अर्थच नाही! बँकेच्या खातेदारांसाठी हे ठीक, भावांसाठी नाही. भावाचं सगळं मर्मच 'याच्या आधी काय होतं' यात असतं. आधीची-नंतरची ओळ सहज विचारता येतील अशी विंडो फंक्शन्स एसक्यूएलच्या प्रमाणात आली ती थेट २००३ मध्ये.

दुसरी वाट केनेथ आयव्हर्सनची. १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या एपीएल भाषेत मूळ वस्तू म्हणजे क्रमाने मांडलेली आकड्यांची रांग, आणि प्रत्येक क्रिया अख्ख्या रांगेवर एकदम. १९७९ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच्या एका मित्राच्या मुलाने, आर्थर व्हिटनीने, अकराव्या वर्षी त्याच्याकडून एपीएल पाहिली होती. हाच मुलगा मोठेपणी मॉर्गन स्टॅन्लीत गेला, १९८८ मध्ये तिथे 'ए' नावाची भाषा लिहिली, १९९३ मध्ये 'के', मग १९९८ मध्ये केडीबी आणि २००३ मध्ये केडीबी प्लस. जगभरच्या मोठ्या बँकांत भावांच्या नोंदी याच डेटाबेसात जाऊ लागल्या. त्याचं मुख्य इंजिन काहीशे किलोबाइटांचं. आपल्या मोबाइलमधला एखादा फोटो त्याहून मोठा असतो.

त्याच्या वेगाचं रहस्य समजायला मला मात्र आमच्या आजोबांच्या दुकानातली वही उपयोगी पडली. जुन्या दुकानात दोन वह्या असायच्या, कीर्द आणि खतावणी. कीर्दीत व्यवहार जसा घडेल तसा खाली लिहायचा. मागे जाऊन खाडाखोड नाही, मध्ये घुसवणं नाही. रात्री दुकान बंद झालं की त्याच नोंदी खतावणीत माणसागणिक उतरवायच्या, म्हणजे कोणाचं खातं काय ते एका पानावर दिसतं. केडीबी प्लसची नेहमीची मांडणी अगदी अशीच आहे. दिवसभर भाव येतील तसे ओळीने लिहिले जातात, आणि बाजार बंद झाल्यावर त्या दिवसाचा सगळा डेटा शेअरागणिक लावून डिस्कवर ठेवला जातो.

आमची चार मिनिटांची क्वेरी याच ठिकाणी अडली होती. हिशेब करून पाहा. १० कोटी ओळी, २० रकाने, प्रत्येक आकडा ८ बाइटचा, म्हणजे १६ जीबी. ओळीगणिक साठवलं तर तीन रकान्यांसाठीही हे सगळं वाचावं लागतं. रकान्यागणिक साठवलं तर २.४ जीबी पुरतात. आमचे रकाने वेगळे होते, पण एकाच शेअरच्या नोंदी दिवसभरात विखुरलेल्या होत्या. म्हणजे कीर्द होती, खतावणी घातलीच नव्हती! ती घातल्यावर दोन हजार शेअरांपैकी एकाचा डेटा सलग एका जागी आला. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी ६४ बाइट उचलतो. आकडे सलग असतील तर एका उचलीत आठ कामाचे आकडे, विखुरलेले असतील तर एक कामाचा आणि बाकी कचरा. शिवाय वेळ चढत्या क्रमाने असली की शोधायला इंडेक्सही लागत नाही. मधलं पान उघडा, पुढे की मागे ते ठरवा, पुन्हा मधलं उघडा. १० कोटी ओळींत हवी ती वेळ २७ पायऱ्यांत सापडते. क्रम हाच इंडेक्स.

पुढे हीच युक्ती इतरांनी ताणली. २०१५ मध्ये फेसबुकने 'गोरिला' या आपल्या डेटाबेसवर निबंध छापला. नोंदी ठरावीक अंतराने येत असतील तर अंतर पुन्हा पुन्हा कशाला लिहायचं? अंतरात फरक पडला तरच लिहा. आकडा आधीच्या आकड्यासारखाच असेल तर तेवढा फरकच लिहा. यातून १६ बाइटची नोंद सरासरी १.३७ बाइटवर आली. जिथे काही बदललं नाही तिथे लिहिण्यासारखं काही नाही, हे वाणी लोकांना 'सदर' लिहिताना ठाऊकच होतं.

आता माझी एक फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी जुन्या भावांवर एक पद्धत तपासून पाहिली. प्रत्येक क्षणी 'त्यावेळचा शेवटचा भाव' काढायचा आणि त्यावरून खरेदी-विक्री करायची. या जोडणीला 'अ‍ॅज-ऑफ जॉइन' म्हणतात. कागदावर नफाच नफा! मी दोन दिवस मनातल्या मनात राजीनामा लिहीत होतो. मग आमच्या सीनियरने स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "हा भाव तुला तेव्हा ठाऊक होता का?"

नव्हता. टेबलात वेळेचे दोन रकाने होते. एक, भाव बाजारात झाला ती वेळ. दुसरा, तो आमच्यापर्यंत पोचला ती वेळ. मी पहिला वापरला होता. फरक काही मिलिसेकंदांचा, पण सगळा नफा त्या फटीतच होता. योग्य रकाना लावल्यावर तो नाहीसा झाला. तेव्हापासून मी कुठल्याही भावाला दोन वेळा असतात असं मानतो, झाला ती आणि कळला ती. प्रेमचंदांच्या होड्या, १८७० ची तार, केडीबी प्लस, सगळा इतिहास या दोन रकान्यांमधलं अंतर कमी करण्याचा आहे. आणि ज्याच्यासाठी ते आधी कमी होतं, तो बाकीच्यांकडून पैसे काढतो.

मग वाटतं, अंतर शून्य केलं की शेतकऱ्याचा प्रश्न सुटला. महाराष्ट्राने एका अर्थी हा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि सुमारे तीस वर्षं चालली. भाव सरकार जाहीर करणार, माल सरकारच घेणार. आलेख काढला तर हंगामभर सरळ रेघ! 'कधीचा?' हा प्रश्नच मिटला म्हणायचा. पण वेळ कुठे तरी लपतेच. ती गाड्यांच्या रांगेत आणि चुकाऱ्यांच्या वाट पाहण्यात जाऊन बसली. भाव आज ठरलेला, पैसे मात्र पुढे कधीतरी. त्या काळच्या वऱ्हाडातल्या कुठल्याही घरात या गोष्टी ऐकायला मिळतात.

आणि आज? २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. ही बातमी मोठ्या बाबांना त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कळली, बहुधा माझ्याही आधी. दोन रकान्यांमधलं अंतर जवळपास मिटलं होतं. उपयोग काय? पेरणी जूनमध्येच झाली होती.

ओसरीवर मी हे सगळं (गोरिला वगळून) मोठ्या बाबांना सांगितलं. मँडेलब्रॉटच्या उड्यांचंही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "भाव तं मोबाइलवर दिसतेच रे बाप्पा. थांबाले पैसा लागते."

मला लिहायला पाहिजे होता तो तिसरा रकाना हा. भाव झाला ती वेळ, कळला ती वेळ, आणि कधीपर्यंत थांबता येईल ती वेळ. वेचणीची मजुरी रोख द्यावी लागते. मार्चअखेर पीककर्ज भरायचं असतं. खोलीतला कापूस वाळून वजनाला उतरतो, आगीची भीती असते, घरातल्यांच्या अंगाला खाज सुटते ती वेगळीच. व्यापारी वर्षातून हजार वेळा खरेदी-विक्री करतो, एक उडी अंगावर आली तर दुसरी फायद्याची निघते. मोठे बाबा वर्षातून एकदाच विकतात. त्यांच्यासाठी अख्ख्या हंगामाच्या मालिकेत टिक एकच, आणि ती उडीच्या अलीकडे पडणार की पलीकडे, हे बाजार ठरवत नाही, मार्चअखेर ठरवते.

मी त्यांना सल्ला असा दिलाच नाही. इतकंच विचारलं, "किती थांबू शकता?" त्यांनी बोटं मोजली. मजुरीपुरता आणि कर्जापुरता कापूस लगेच विकायचा, उरलेला जमेल तितका ठेवायचा, असं त्यांनीच ठरवलं. खरं तर त्यांचं आधीच ठरलं होतं, माझ्या पगाराचा एकदा उपयोग करून पाहिला एवढंच!

सोमवारी ऑफिसात आल्यावर बॉसने विचारलं, ती क्वेरी दोन सेकंदांवरून एकावर आणता येईल का. येईल, बहुतेक. पुढच्या शनिवारी त्याबद्दल.